टोल घ्यायचा नाही, या अटीवर



आपल्या भागातल्या काही बचत गटांचा माल घेऊन एक पिकअप मुंबईला निघाली होती. वांद्र्याला महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं, तिथे स्टॉल मिळाला होता. पापड, कुरडया, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, सगळं खोक्यांत भरून झालं. गाडीची हवा तपासली, ताडपत्री बांधली. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का, हे मात्र कोणीच पाहिलं नाही. वाटेत एका टोलनाक्यावर गाडी अडली. मागून हॉर्न सुरू झाले. ड्रायव्हरदादांनी दुप्पट रक्कम रोख मोजली, तेव्हा आडवा दांडा वर गेला.

परत आल्यावर गटाच्या बैठकीत हिशेब मांडला. त्या जादा पैशांवरून बोलणं निघालं आणि आमच्यातल्या एक वडीलधाऱ्या काकू म्हणाल्या, "आपण गटातून कर्ज घेतो तेव्हा हप्ता किती, व्याज किती, शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात, सगळं वहीत लिहिलेलं असतं. मग या रस्त्याचा नि पुलाचा शेवटचा हप्ता कधी असतो गं?"

त्या प्रश्नामुळे आम्ही जुनी माहिती काढायला बसलो. शोधता शोधता पुन्हा त्याच वांद्र्याला पोचलो, जिथे आपली खोकी उतरली होती. पाणी ओलांडायचे पैसे कोणी भरायचे, या प्रश्नाचा जुना इतिहास तिथेच आहे, आणि त्यात एका बाईंचं नाव आहे.

मुंबईत मिठी नावाची नदी आहे. 26 जुलै 2005 च्या महापुरात जिचं नाव सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झालं, तीच. ती माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. खाडीच्या अलीकडे माहीम, पलीकडे वांद्रे. आज तिथे गाड्यांची रांग तुटत नाही. पण दोनशे वर्षांपूर्वी मधे पाणी, चिखल आणि दलदल होती. माहीम हे मुंबईच्या बेटांपैकी एक, तर वांद्रे साष्टी बेटावरचं गाव.

हे पाणी बराच काळ दोन राज्यांची हद्द होतं. अलीकडे इंग्रज, पलीकडे पोर्तुगीज. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईची मोहीम जिंकली आणि साष्टी मराठ्यांकडे आली. 1774 मध्ये ती इंग्रजांनी घेतली. हद्द म्हटली की जकात आलीच. नाव पलीकडे न्यायची तर कोणाला तरी पैसे द्यायचे, ही रीत तिथे जुनी.

दोन्ही काठ इंग्रजांकडे आल्यावर हद्द गेली, पण पाणी राहिलंच. साष्टीतला भाजीपाला आणि मासळी मुंबईच्या बाजारात जायची ती होडीतून. भरती-ओहोटी पाहायची, होडीवाल्याला पैसे द्यायचे, पावसाळ्यात जीव मुठीत धरायचा. नदीकाठच्या गावांतल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. धरणं आणि पूल व्हायच्या आधी आपल्या आज्या माहेरी जायच्या त्या नावेतूनच.

साष्टीला मुंबईशी जोडणारा रस्ता आधी दुसऱ्या बाजूला, शीवजवळ झाला. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या काळात 1798 ते 1805 या वर्षांत शीव ते कुर्ला असा पाण्यातून भराव घालून बांध घातला गेला. त्यावरून जाणाऱ्यांकडून टोल घेत. माणूस कोरड्या पायांनी पलीकडे जाऊ लागला, पण खिशात हात घालून. आणि वांद्र्याच्या लोकांना तो रस्ता वळशाचाच होता. त्यांना समोर माहीम दिसायचं आणि जायला मात्र होडीच.

माहीमला असाच बांध हवा, अशी मागणी होत राहिली. कंपनी सरकारने त्यासाठी पैसे द्यायला नकार दिला. इथे अवाबाई येतात.

अवाबाई म्हणजे सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी. जमशेटजी मुंबईतले बडे पारशी व्यापारी. मुंबईचं जे. जे. रुग्णालय त्यांच्याच नावाचं. चीनशी कापूस आणि अफूचा व्यापार करून त्यांनी संपत्ती मिळवली. अफू हा शब्द आम्ही मुद्दाम गाळला नाही. दान मोठं असलं तरी पैसा कुठून आला हेही सांगावं, असं आम्हाला वाटतं. जमशेटजींना 1842 मध्ये सर ही पदवी मिळाली, म्हणून अवाबाईंना लेडी जमशेटजी म्हणत.

माहीमच्या बांधाचा खर्च अवाबाईंनी दिला. काम लांबलं, खर्च वाढत गेला आणि रक्कम 1 लाख 57 हजार रुपयांवर गेली. ती सगळी त्यांनीच भरली. देताना सरकारला अट घातली की, या रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांकडून टोल घ्यायचा नाही. 1845 मध्ये रस्ता वाहतुकीला खुला झाला.

आम्हाला दानापेक्षा ही अट मोठी वाटते. शीवच्या बांधावर काय होतं ते मुंबईकरांनी पाहिलेलं होतं. नुसते पैसे देऊन गप्प बसलं असतं तर सरकारने रस्ता बांधला असता, वर दांडा टाकून वसुलीही केली असती, आणि अवाबाईंच्या पैशावर सरकारची कमाई झाली असती. डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला जाणाऱ्या बाईला होडीचे पैसे वाचले तरी टोलचे सुटले नसते. ही अट नवऱ्याने सुचवली की अवाबाईंनी स्वतः, असं कोणी विचारेल. घरातला व्यवहार त्या काळी पुरुषांच्या हाती असे, हे खरं. पण दान त्यांच्या नावावर आहे, अट त्या दानाची आहे. आम्ही तरी श्रेय त्यांनाच देतो.

त्यानंतर सहाच वर्षांनी, 1851 मध्ये, कंपनी सरकारने टोलचा कायदा केला. त्यातली कलमं वाचताना आम्ही दोनदा थांबलो. टोल दिला नाही तर नाक्यावरचा माणूस गाडी, जनावर किंवा त्यावरचं ओझं जप्त करू शकत असे. चोवीस तासांत पैसे आणि जप्तीचा खर्च भरला नाही तर जप्त माल विकण्याची तरतूद होती. बैलगाडीवर चार पोती घेऊन निघालेल्या शेतकऱ्याचं काय होत असेल, याचा अंदाज करा. नाक्यावर पैसे नसतील तर पोतं तिथेच उतरलं.

पण त्याच कायद्याला दुसरी बाजूही होती. ठरल्यापेक्षा जास्त टोल उकळणाऱ्या वसुलीदाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकत असे, आणि त्या दंडातली रक्कम ज्याला लुबाडलं त्याला देता येत असे. शिवाय नाक्यावर दिसेल अशा ठिकाणी दरांचा फलक लावायचा, तो इंग्रजीत आणि त्या जिल्ह्याच्या भाषेत, आणि शिक्षा कोणकोणत्या तेही त्यावर लिहायचं, असं बंधन होतं. फलक वाचता येणारे किती होते, हा प्रश्न आहेच. आपल्या पणज्यांपैकी क्वचितच कोणाला तो वाचता आला असता. तरी दंड हा फक्त प्रवाशाला नसतो, वसूल करणाऱ्यालाही असतो, एवढी गोष्ट तेव्हाच लेखी होती. पुढे 1875 मध्ये मुंबई इलाख्यासाठी रस्ते आणि पुलांवरच्या टोलचा वेगळा कायदाही झाला.

आता पुन्हा माहीमला येऊ. अवाबाईंच्या रस्त्यावर उभं राहून समुद्राकडे पाहिलं की समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू दिसतो, तारांनी तोललेला. तो 2009 मध्ये सुरू झाला. लांबी साडेपाच किलोमीटरहून थोडी जास्त. त्यावर टोल आहे. 2024 च्या एप्रिलपासून कारला एका फेरीचे 100 रुपये. दुचाकी आणि रिक्षाला तिथे प्रवेशच नाही. त्याच खाडीच्या तोंडावर, हाकेच्या अंतरावर, एक रस्ता पैशाचा आणि एक बिनपैशाचा. सेतूवरून वेळ वाचतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण स्कूटरवरची नर्स, एसटीने आलेली पाहुणी, पायी चालणारी कामवाली, यांच्यासाठी 1845 चाच रस्ता आहे.

मुंबईत शिरताना वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर इथल्या पाच नाक्यांवर वर्षानुवर्षं टोल होता. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून कारसारख्या हलक्या गाड्यांना तो माफ झाला. माल घेऊन जाणाऱ्या ट्रकला माफी नाही. टेम्पो-पिकअप असेल तर निघण्याआधी नीट चौकशी करा, कारला माफ म्हणजे आपल्यालाही माफ असं धरून चालू नका. माफीने खर्च नाहीसा होत नाही. ठेकेदाराला भरपाई सरकारने द्यायची ठरली. आणि सरकारचा पैसा म्हणजे तुमच्या काडेपेटीवरचा करही त्यात आला.

काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. पुलाचे पैसे कोणीतरी भरतंच. एखादी अवाबाई भरते, नाहीतर जो ओलांडतो तो भरतो, नाहीतर सगळे मिळून करातून भरतात. कोण भरणार आणि कधीपर्यंत, हे मात्र आधी ठरवून लिहून घ्यावं लागतं. अवाबाईंनी ते घेतलं.

राहिली गोष्ट आपल्या दुप्पट पैशांची. फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांवर सगळ्या रांगा फास्टॅगच्या झाल्या. 1 एप्रिल 2025 पासून राज्य रस्ते विकास महामंडळाच्या नाक्यांवरही फास्टॅग सक्तीचा आहे. राष्ट्रीय महामार्गावर गाडीला चालू फास्टॅग नसेल तर 2025 मध्ये रोखीने दुप्पट पैसे पडत. 15 नोव्हेंबर 2025 पासून एक सवलत मिळाली आहे, यूपीआयने भरलं तर सव्वापट. म्हणजे तेव्हा जिथे 100 रुपये होते तिथे रोख 200 आणि मोबाईलवरून 125. ड्रायव्हरदादा गोंधळले आणि नोटा काढल्या, तर फरक आपल्या मालातून जायचा.

फास्टॅग चालू आहे, त्यात पुरेसे पैसे आहेत आणि नाक्यावरचं यंत्रच चालत नाही, असं झालं तर राष्ट्रीय महामार्गावर गाडी पैसे न घेता सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची, असा 2018 चा नियम आहे. हे आपल्यातल्या कितीजणींना माहीत होतं? आम्हालाही नव्हतं. वाद घालायची वेळ आली तर 1033 हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक आहे. पैसे दोनदा कापल्याचा मेसेज आला तर ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडे तक्रार करायची, म्हणून मेसेज पुसू नका. चोवीस तासांच्या आत परत येणार असाल तर जाण्या-येण्याचे मिळून दीडपट पैसे लागतात, दुप्पट नाही. आणि दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही. ट्रॅक्टर अडवून कोणी पैसे मागितले तर आधी फलक दाखवा म्हणा.

आमच्या गटाने आता एवढंच केलं आहे. गाडी ठरवताना भाड्याच्या बोलीतच टोल कोणी भरायचा ते वहीत लिहितो, आणि आदल्या रात्री ड्रायव्हरदादांच्या मोबाईलवर टॅगची शिल्लक बघतो. काकू स्वतः बघतात. त्यांना आकडे वाचता येतात, बाकीचं त्या विचारून घेतात.

परतीच्या दिवशी आम्ही काहीजणी माल विकून मोकळ्या झालो होतो, म्हणून बसने माहीमवरून दादरला गेलो. खाडी कधी आली नि गेली, कळलंसुद्धा नाही. कोणी अडवलं नाही, कोणी काही मागितलं नाही. पुढे जो मोठा रस्ता लागतो त्याला अवाबाईंचं नाव आहे, लेडी जमशेटजी रोड. मुंबईत त्याला सगळे एल. जे. रोड म्हणतात. शेजारी बसलेल्या बाईंना आम्ही विचारलं, एल. जे. म्हणजे काय हो? त्या म्हणाल्या, काय की बाई, रस्त्याचं नाव आहे.