लालबाग परळ (चित्रपट)

महेश मांजरेकर दिग्दर्शित मराठी चित्रपट (2010). पूर्ण नाव ‘लालबाग परळ : झाली मुंबई सोन्याची’, हिंदी आवृत्ती त्याच वर्षी ‘सिटी ऑफ गोल्ड’ या नावाने आली. आधार जयंत पवार (1960–2021) यांच्या ‘अधांतर’ या नाटकाचा. 1982 च्या गिरणी संपात होरपळलेल्या धुरी कुटुंबाची ही गोष्ट टोळीपटांत जमा केली जाते. तिचा गाभा मात्र वेगळा आहे: बापाकडे मुलांना द्यायला काहीच उरले नाही, तर मुले कुठे जातात?

गिरणगावात, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या वस्तीत, पूर्वी हा प्रश्न पडत नसे. बाप साच्यावर, मुलगा मॅट्रिकला गचकला की बदली कामगार म्हणून गिरणीच्या गेटावर उभा राही आणि यथावकाश कायम होई. चाळीतली एक खोली पाळ्यांच्या वेळेप्रमाणे आळीपाळीने झोपायला वापरली जाई, त्यामुळे भोंगा घरातल्या पोरासोरांनाही पाठ असे. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. कायद्याने मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, कामगारांचा विश्वास दत्ता सामंतांवर. या पेचात वाटाघाटी अडकल्या. संप रीतसर मागे कधीच घेतला गेला नाही. वारशाने येणारी नोकरी तेवढी गेली.

सामंत मूळचे गिरणगावातले नेते नव्हेत. घाटकोपर या उपनगरातल्या पंतनगरात दवाखाना चालवणारे हे डॉक्टर दगडखाणीतल्या मजुरांच्या दुखण्यांवर उपचार करता करता त्यांचे पुढारी झाले. 16 जानेवारी 1997 रोजी पवईत, घराजवळच, त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. गिरणी संपाचा इतिहास उपनगरांना वगळून सांगता येत नाही तो यासाठी.

चित्रपटात अण्णा धुरी (शशांक शेंडे) थकत जातात आणि तीन मुलगे तीन वाटांना लागतात. बाबाला (अंकुश चौधरी) लेखक व्हायचे आहे, मोहन क्रिकेटच्या सट्ट्यात अडकतो, नरू (करण पटेल) टोळीत शिरतो. नरूच्या अवतीभवतीची पोरे लक्षात राहतात. सिद्धार्थ जाधवचा स्पीडब्रेकर बोलताना अडखळतो, पण हिंसा करताना जराही नाही, आणि हे पोर कालपरवापर्यंत गल्लीत खेळत होते हे प्रेक्षक विसरू शकत नाही. ‘गॉडफादर’मध्ये (1972) बाप मुलाच्या हाती साम्राज्य देतो, इथे रिकाम्या जागेवर टोळी भरती करते. मांजरेकरांच्याच ‘वास्तव’पेक्षा (1999) हा चित्रपट त्यामुळे अधिक खोल जातो. उत्तरार्धात रक्तपात आणि भडकपणा वाढतो, तिथे नाटकातली घुसमट विरळ होते, हेही खरे. सीमा विश्वास यांची आई मात्र शेवटपर्यंत तोल सोडत नाही.

गिरणीमालक आणि टोळ्यांचे साटेलोटे ही पटकथेतली अतिशयोक्ती नव्हे. खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांची 7 मे 1994 रोजी महालक्ष्मीला भरदिवसा टोळीकडून हत्या झाली. वाद जमिनीचा होता. 1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: मोकळी जागा, सार्वजनिक घरे, मालक. 2001 च्या दुरुस्तीने हा हिशेब फक्त रिकाम्या भूखंडापुरता उरला आणि कामगारांच्या घरांचा वाटा आक्रसला.

‘अधांतर’चे नाटककार पवार यांना 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहासाठी.