सर्व्हिस मोटार, परमिट आणि आपली जागा

मोटार-कंपन्यांचे इतिहास मी आवडीने वाचतो. त्यांचा साचा ठरलेला असतो. धडाडीचा एक मूळपुरुष, कर्ज काढून घेतलेली पहिली गाडी, खडीचा रस्ता, मग मुलगा, मग नातू, आणि शेवटी कचेरीच्या भिंतीवर हार घातलेला फोटो. या इतिहासात गाडी असते, मालक असतो, वेळापत्रक असते. गाडीत बसणारा माणूस मात्र नसतो. तो कुठे बसला होता, किंवा त्याला बसू दिले होते की नाही, हे तर कुणी विचारतच नाही.

माझा बाप ते सांगायचा. एसटी येण्यापूर्वी आमच्या भागात एका घराण्याची सर्व्हिस मोटार चालत असे. महारवाड्यातल्या माणसाने हात केला तर ती थांबे, त्याच्याकडून पैसे पुरे घेई आणि त्याला टपावर चढवी. आत जागा असली तरी टपावरच. तिथे भुसाराची पोती, कोंबड्यांची खुराडी आणि आमची माणसे. मालक कधी शिवी देत नसे. उलट 'वर हवा छान लागते,' असे हसून म्हणे. 'भाडं एक, जागा दोन,' एवढेच बाप बोलायचा आणि गप्प व्हायचा.

वाहन आणि जात यांचा संबंध बाबासाहेबांनी स्वतःच्या अनुभवातून सांगून ठेवला आहे. १९२९ साली ते चाळीसगावला उतरले. वस्तीत न्यायला टांगा हवा होता. अस्पृश्याचा टांगा हाकणे एकाही टांगेवाल्याला मंजूर नव्हते. अखेर टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतलाच एक अननुभवी माणूस लगाम धरून बसला. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बॅरिस्टर असलेल्या माणसाची ही कथा, मग पोते घेऊन बाजाराला निघालेल्याचे काय?

टांग्यापेक्षा मोटारीचा प्रश्न अधिक बिकट होता. टांग्यात टांगेवाल्याच्या प्रतिष्ठेपुरतीच बाब असते. मोटारीत मात्र गुडघ्याला गुडघा लागतो. एक अस्पृश्य आत बसला आणि चार सवर्ण उतरले, तर मालकाचे नुकसान. म्हणजे मालक स्वतः सोवळा असण्याचीही गरज नाही. नफ्याचा हिशोबच त्याला जात पाळायला लावतो. बाजार आपोआप समता आणतो असे मानणाऱ्या आमच्या विद्वान मित्रांनी या टपाचा जरूर विचार करावा.

हा अनुभव आपल्याच मुलखाचा नव्हता. त्याची तड कशी लागली हे पाहायचे तर दक्षिणेत, मदुरा आणि रामनाडच्या बाजूला जावे लागते. घराण्यांच्या मोटार-धंद्याचा नावाजलेला इतिहास तिथलाच आहे. टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांनी रेल्वेतली नोकरी आणि लाकडाचा व्यापार करून झाल्यावर १९११-१२ च्या सुमारास मदुरेत मोटारसेवा सुरू केली. त्यांच्या गाड्यांवर लोक घड्याळ लावत, असे तिकडे सांगतात. रस्त्यावर पडलेले खिळे टिपायला लोहचुंबक बसवलेली गाडी पुढे पाठवली जाई, असेही सांगतात. महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा कोळशाच्या गॅसवर मोटारी चालवण्याची यंत्रे या कंपनीने बनवली. हे कर्तृत्व खरे आहे, ते नाकारण्यात शहाणपण नाही. पण शिक्षण, ओळखी, कर्ज मिळण्याची पत आणि कचेरीत खुर्ची मिळण्याचा मान ही त्या कर्तृत्वाखालची जमीन होती. ती ज्याच्या पायाखाली नव्हती, त्याने कितीही धडाडी केली असती तरी त्याची पहिली गाडी कुठून येणार होती?

त्याच टापूतली दुसरी गोष्ट कंपन्यांच्या इतिहासात सापडत नाही. रामनाड जिल्ह्यातले खासगी मोटारमालक अस्पृश्यांना गाडीत घेत नसत. तिकिटावरच तशी अट छापलेली असे, असे नमूद आहे. डब्ल्यू. पी. ए. सौंदरपांडियन नाडार जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी हुकूम काढला: जो मालक अस्पृश्य प्रवासी नाकारील, त्याचे लायसन्स रद्द होईल. हेच सौंदरपांडियन १९२९ साली चेंगलपट्टू येथे भरलेल्या पहिल्या आत्मसन्मान परिषदेचे अध्यक्ष होते. त्यांच्या नाडार जातीलाही एकेकाळी देवळाच्या दारातून हाकलले जाई. १८९९ साली शिवकाशीत त्यावरूनच मोठी दंगल झाली होती. अपमान भोगलेली प्रत्येक जात पुढे खालच्यासाठी उभी राहतेच असे नाही. हा माणूस उभा राहिला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सौंदरपांडियन यांनी मालकांचे हृदयपरिवर्तन केले नाही, उपोषण केले नाही, प्रवचनही दिले नाही. रस्ता सार्वजनिक आहे, त्यावर धंदा करण्याची परवानगी सार्वजनिक सत्ता देते, तेव्हा अटही तीच घालील, इतके साधे त्यांचे म्हणणे. मालकाच्या नफ्याच्या हिशोबात त्यांनी एक नवा आकडा टाकला. अस्पृश्याला घेतले तर चार उतारू जातील; न घेतले तर धंदाच जाईल. मोटारीचे दार त्या आकड्याने उघडले. पुढे मद्रास इलाख्यात १९३८ च्या कायद्याने आणि देशभर १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने सार्वजनिक वाहनात मज्जाव करणे बेकायदा ठरवले.

दार उघडले तरी मालकी तिथेच होती. ती प्रथम हलली राष्ट्रीयीकरणाने. आपल्याकडे १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर सरकारी गाडी धावली आणि सर्व्हिस मोटारींचे दिवस भरत आले. तमिळनाडूत द्रमुक सरकारने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या ताफ्याच्या घराण्यांच्या गाड्या ताब्यात घेऊन महामंडळे काढली. घराण्यांवर अन्याय झाला असे तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. पण मदुरेच्या त्या घराण्याकडे वाहनांचा व्यापार होता, १९५४ साली स्थापन झालेली सुंदरम फायनान्स होती, कारखाने होते. गाड्या गेल्या, भांडवल राहिले. आणि आपल्याला काय मिळाले? राखीव जागेवरची चालकाची, वाहकाची, वर्कशॉपमधल्या मदतनिसाची नोकरी. माझ्या पिढीतल्या कितीतरी घरांत पहिला ठरलेला पगार एसटीच्या खाकी कपड्यांतून आला. टपावर बसलेल्या बापाचा पोरगा गाडीची घंटी वाजवू लागला. त्यांचा वारसा भांडवलाचा, आपला वारसा नोकरीचा. आणि नोकरी पोराच्या नावावर करून देता येत नाही.

म्हणून सरकारी गाडी आली आणि जात उतरली, असे मी म्हणणार नाही. जुन्या रामनाडमधूनच वेगळ्या झालेल्या विरुदुनगरात १९९७ साली एका नव्या परिवहन महामंडळाला वीरन सुंदरलिंगम यांचे नाव दिले गेले. सुंदरलिंगम हे कट्टबोम्मनच्या सैन्यातले दलित सेनानी. तोवर पांड्य, चेर, चोल, पल्लव या राजघराण्यांची नावे घेऊन गाड्या सुखाने धावत होत्या. दलिताचे नाव लागताच त्या भागातल्या देवर समाजातल्या अनेकांनी 'या गाडीत पाय ठेवणार नाही' म्हटले. दंगली झाल्या, माणसे मेली. सरकारने काय करावे? त्याच वर्षी सगळ्याच महामंडळांची आणि जिल्ह्यांची थोरांची नावे काढून टाकली. मद्रासमध्ये डॉ. आंबेडकरांच्या नावाचे महामंडळ होते, तेही नाव पुसले गेले. ज्या मुलखात एका अध्यक्षाने अट घालून मोटारीचे दार उघडले, तिथेच सत्तर वर्षांच्या आत सरकारने अट घालायचे सोडून पाटी पुसली. याला समता म्हणायचे की माघार?

आज पुन्हा रस्त्यावर घराण्यांच्या नावाच्या गाड्या आहेत. आरामबस आहेत, पडदे आहेत, झोपायला बर्थ आहेत. तिकीट काढताना जात विचारत नाहीत, हे मान्य. टप गेला. पण त्या गाडीच्या मालकाच्या, मॅनेजरच्या, बुकिंगच्या खुर्चीत आपला माणूस किती ठिकाणी दिसतो? २०२१-२२ मध्ये एसटी कामगार कित्येक महिने संपावर होते, तेव्हा 'एसटी बंद करा, खासगी गाड्या आहेतच की,' असे सुशिक्षितांच्या तोंडून मी ऐकले. त्या संपकऱ्यांच्या मागण्या कुणाला पटोत न पटोत. परंतु एसटी मोडली तर तिच्याबरोबर राखीव जागाही मोडते, हे त्या सुशिक्षितांच्या गावीही नव्हते.

विद्यार्थी-कार्यकर्त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. आपापल्या तालुक्यातल्या जुन्या सर्व्हिस मोटारींचा इतिहास गोळा करा. मालकांच्या नातवांकडे जा, त्यांचे कर्तृत्व प्रामाणिकपणे लिहून घ्या. मग वस्तीत या आणि म्हाताऱ्यांना विचारा, तुम्ही कुठे बसत होता? दोन्ही पाने शेजारी ठेवा. आणि सरकार नवे परमिट, नवे कंत्राट, नवा मार्ग कुणाला देत असेल, तेव्हा सौंदरपांडियन यांचा प्रश्न विचारा: रस्ता सगळ्यांचा आहे, अट कुठे आहे?

माझा बाप एसटीत पहिल्यांदा बसला तो खिडकीशी. पाऊस आत येत होता. वाहकाने खिडकी ओढून घ्यायला सांगितले, तर बाप म्हणाला, 'असू दे. आतनं भिजतोय.'