गोल काढता येतो, डोरेमॉन येत नाही

१ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि आमच्या कळमनुरी तालुक्यातली प्रत्येक पाटी एका दिवसात जुनी झाली. शाळा, सोसायटी, ग्रामपंचायत, जीपचं दार, सगळीकडं ‘जि. परभणी’ खोडून ‘जि. हिंगोली’ लिहायचं होतं. चार अक्षरांच्या जागेत तीन बसवायची, म्हणून जागेची अडचण नव्हती. पेंटर लोकांना त्या उन्हाळ्यात जेवायला फुरसत नव्हती.

माझ्या उस्तादांनी याहून मोठा बदल पाहिलेला. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत, म्हणून सरकारी पाट्याही उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ नंतर देवनागरीला दिवस आले. उस्तादांचा हात उजवीकडून डावीकडं चालायला शिकलेला. म्हातारपणीही ते मराठी पाटीची शिरोरेघ उजवीकडूनच ओढायचे. रेघ मात्र कधी वाकडी गेली नाही.

कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण त्यांनी गावोगाव काढला. उलटा त्रिकोण आणि शेजारी आई, बाप, दोन लेकरं यांचे चार चेहरे. ज्यांनी ती खूण ठरवली, त्यांनी आम्हा लोकांचा विचार केला होता असं मला वाटतं. कुठल्याही खेड्यातला पेंटर पट्टी घेऊन ती बिनचूक काढू शकतो. चेहरे थोडे बिघडले तरी कुणाचं काही अडत नाही, कारण ते कुणाचेच चेहरे नाहीत.

मोठी चित्रं आम्ही चौकोन पाडून काढतो. छापील फोटोवर पेन्सिलीनं चौकोन, भिंतीवर दोरी मारून तेवढेच मोठे चौकोन, मग एकेक घर उतरवायचं. शिवाजी महाराज असोत, गाडगेबाबा असोत, की निवडणुकीतला उमेदवार, या रीतीनं माणूस ओळखू येतोच. बोटभर चूक झाली तर ती दाढीत जाते, मिशीत जाते, नाहीतर सावलीत लपते. गणपतीचं तर विचारूच नका, सोंड आली की गणपती झाला.

मग २००५ साली हंगामा वाहिनीवर डोरेमॉन, जपानी कार्टूनमधला निळा रोबोट-मांजर, हिंदीतून बोलायला लागला. चार-पाच वर्षांत आमच्याकडं बोलक्या भिंतींच्या कामात त्याची मागणी सुरू झाली. अंगणवाडीच्या बाई म्हणायच्या, ‘अ ते ज्ञ काढाच, पण दारापाशी डोरेमॉन पाहिजे.’ मला वाटलं, सगळे गोलच तर आहेत! खिळा, सुतळी आणि खडू असला की गोल कुणालाही येतो.

गोल येतो, डोरेमॉन येत नाही. आधी डोळे घ्या. दोन उभे अंडाकृती, एकमेकांना चिकटलेले, आणि चेहऱ्याच्या पांढऱ्या भागाची वरची कड ओलांडून निळ्यात शिरलेले. ते पांढऱ्याच्या आत घेतले तर तो पेंग्विन दिसतो. दोघांत फट ठेवली तर दचकलेला दिसतो. बुबुळं मधोमध ठेवली तर मेलेला आणि जास्त जवळ घेतली तर तिरळा. लाल नाक डोळ्यांच्या जोडाला लागूनच बसलं पाहिजे. ते खाली घसरलं की सर्कशीतला जोकर तयार. सावली नाही, दाढी नाही, लपायला जागाच नाही. काय चुकलंय ते पेंटरला सांगता येत नाही, पण पहिलीतलं लेकरू लांबूनच म्हणतं, ‘हा तो नाही.’

त्याची अधिकृत मापं नंतर कळली. उंची १२९.३ सेंटिमीटर, वजन १२९.३ किलो, छातीचा घेर १२९.३ आणि डोक्याचाही घेर तेवढाच. जन्म ३ सप्टेंबर २११२. पेंटरला माप मिळालं की हायसं वाटतं, म्हणून हिशोब केला. घेर १२९.३ तर डोक्याची रुंदी निघते साधारण ४१, म्हणजे उंचीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. पडद्यावर तर त्याचं डोकं जवळजवळ निम्म्या देहाएवढं असतं! कागदावरच्या मापांनी काढला तर हा गडी विजेचा खांब होईल.

आणि ज्यानं तो घडवला त्या हिरोशी फुजिमोतोचाही हात एकदम बसला नव्हता. १९७० च्या जानेवारी अंकांतून डोरेमॉन जपानी मुलांच्या मासिकांत आला. त्या पहिल्या चित्रांत धड मोठं आणि डोकं लहान आहे. पुढं काढता काढता डोकं वाढत गेलं. फुजिमोतो १९९६ साली गेला. तो ‘फुजिको एफ. फुजिओ’ या नावानं सही करायचा. आमच्यात ‘अमुक आर्ट्स’ लिहितात, तसंच म्हणा.

दुसरी फसगत निळ्या रंगाची. १४ एप्रिलच्या जयंतीला आणलेल्या डब्यातला उरलेला निळा जूनमध्ये शाळेच्या भिंतीवर संपवावा असा पेंटरचा बेत असतो. पण तो निळा गडद, बाबासाहेबांच्या झेंड्याचा. डोरेमॉनला त्यात पांढरा मिसळून आकाशाकडं झुकवावा लागतो, आणि असा हलका केलेला रंग आमच्या उन्हात दोन वर्षांत उडतो. मग दुरून नुसतं लाल नाक आणि पिवळी घंटा दिसते.

काही पेंटरांनी त्याला कान काढले. मांजर म्हटल्यावर कान आलेच, असा त्यांचा हिशोब. पण गोष्टीत त्याचे कान उंदरानं कुरतडले आहेत, आणि ही गोष्ट पेंटर सोडून सगळ्या गावाला माहीत असते. तो रोबोट आहे हे तर अंगावर कुठंच लिहिलेलं नाही: ना खिळा, ना तार, ना दिवा. कार्टूनमधला छोटा भीम टीव्हीवर २००८ ला आला, आणि पुढं तो भिंतींवर उतरला तेव्हा आमच्या जिवात जीव आला. धोतर, लाडू आणि उघडी छाती. धोतर नीट जमलं की चेहऱ्याकडं कोण बघतो?

आता फ्लेक्सवाला नेटवरून चित्र घेऊन अर्ध्या तासात छापून देतो, आणि त्याचा डोरेमॉन बरोबर असतो हे कबूल केलंच पाहिजे. वाढदिवसाचे बोर्ड तर सगळे तिकडंच गेले. आमच्याकडं भिंती उरल्या, कारण भिंतीवर ताणलेला फ्लेक्स वाऱ्यानं फाटतो आणि लेकरं त्याचा कोपरा ओढतात.

तेव्हा अंगणवाडीची भिंत रंगवून घेणार असाल तर एक करा. डोळे काढायच्या वेळी पेंटरपाशी एक सात-आठ वर्षांचं पोरगं उभं करा आणि ते ‘हं’ म्हणेपर्यंत काळी आउटलाईन मारू देऊ नका. आणि मजुरी त्याच दिवशी द्या.