खाऱ्या वाऱ्यातला अक्रोड

मुरूड आणि रोह्याच्या मधलं फणसाडचं जंगल एके काळी जंजिऱ्याच्या नबाबांचं राखीव शिकारक्षेत्र होतं. ज्या पाणवठ्यांना तिथले लोक गाण म्हणतात, त्यांच्या आसपास भेकर, रानडुक्कर आणि बिबळ्याची चाहूल घेत शिकारी बसत. सिद्दी अहमदखान १८७९ ते १९२२ ह्या काळात जंजिऱ्याच्या गादीवर होते. काडतुशी बंदुकीचा भरभराटीचा काळही साधारण तोच.

त्याआधी होती ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू, चिंधी आणि छरे ठासायचे, आणि पावसाळी हवेत दारू सर्दावली की बार फुसका जायचा. काडतूस आलं आणि ही अडचण मिटली. १८७५ साली बर्मिंगहॅमच्या वेस्ली रिचर्ड्स कंपनीतल्या अँसन आणि डीली ह्या दोघांनी मध्ये मोडून उघडणारी, बाहेर घोडे नसलेली दुनळी बंदूक घडवली. तिचा सांगाडा इतका साधा आणि भक्कम होता, की पुढे जगभर तिच्या नकला झाल्या. १८९१ साली आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सनी मुंबईत दुकान थाटलं. ह्या कंपनीच्या नावाच्या बंदुकाही निघत.

रायगड किनाऱ्यावर आजही सर्वांत ओळखीची बंदूक म्हणजे बारा बोअरची. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास भरतो. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना, युरोपियनांना मात्र सूट होती. त्यामुळे बंदूक राहिली संस्थानिकांकडे, अधिकाऱ्यांकडे आणि गावातल्या मोजक्या वजनदार घरांत. शिकारीइतकंच तिचं दुसरं कामही मोठं होतं, ते म्हणजे राखणीचं. भातशेतीत रात्री रानडुकरं उतरत, नारळ-सुपारीच्या वाड्यांत वानरं धुडगूस घालत. पीकसंरक्षणाचा परवाना कोकणात आजही ओळखीचा आहे, तो ह्याच गरजेतून.

ह्या बंदुकांचं पोलाद सगळ्यांच्या नजरेत भरतं. पण किनाऱ्यावर खरी परीक्षा होते ती लाकडाची.

चांगल्या बंदुकीचा दस्ता अक्रोडाचा असतो. हे लाकूड त्याच्या मजबुतीच्या मानाने हलकं, चिवट आणि एकदा नीट सुकलं की सहसा न वाकणारं. बाराचा धक्का ते सोसतं, आणि बारीक कोरीव जाळीही त्यावर नीट उठते. घडवणारा कारागीर फळी निवडताना लाकडाच्या रेषा दस्त्याच्या अरुंद मानेतून सरळ जातात ना, हे आधी बघतो, कारण दस्ता मोडतो तो तिथेच. ब्रिटिश कारागीर त्यावर जवसाचं तेल चोळत. तेलाला लालसर छटा यावी म्हणून त्यात अल्कानेट नावाच्या झाडाचं मूळ मुरवत. आपल्या बाजारात रतनजोत म्हणून जे मूळ मिळतं, ते ह्याच कुळातल्या झाडांचं. तेलाचे दोन-चार थेंब घ्यायचे, तळव्याच्या उबेने लाकडात जिरवायचे, थर वाळू द्यायचा आणि पुन्हा तेच. एका दस्त्याला कित्येक आठवडे लागत. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जाऊन वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन शोषून ते घट्ट होतं, आणि ह्या क्रियेला घाई चालत नाही.

अशी बंदूक रेवदंड्याच्या किंवा श्रीवर्धनच्या घरात आली, की तिच्यापुढे वेगळंच हवामान उभं राहतं. इथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि महिनोन्‌महिने हवा दमट राहते. हवेतली आर्द्रता ९० टक्के असेल, तर लाकूड आपल्या वजनाच्या सुमारे २० टक्के ओल धरतं. तीच ३० टक्क्यांवर आली, की ओल ६ टक्क्यांपर्यंत उतरते. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, आडवं मात्र फुगतं. म्हणून जुलैत दस्ता लोखंडाला घट्ट आवळतो आणि मे महिन्यात बारीक फट पडते. त्यात मिठाची भर. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळतं. खाऱ्या वाऱ्याने दस्त्यावर बसलेला अदृश्य थर असा सतत ओला राहतो. जवसाच्या तेलाचा थर बाष्प पूर्ण अडवत नाही, उलट बुरशीला त्यात खाद्यच मिळतं.

किनाऱ्यावरच्या माणसांना लाकूड आणि खारं पाणी ह्यांचं नातं नवं नव्हतं. कोळी होडीला माशाचं तेल पाजत, नारळी पौर्णिमेआधी ती रंगवून तयार ठेवत. लाकडाची देखभाल दर वर्षी करायची असते, हे तिथे सांगावं लागत नसे. बंदुकीच्या बाबतीत मात्र बऱ्याचदा घाई होई. कपाटांना आणि पलंगांना लावतात ते चपडी लाखेचं स्पिरिटमधलं पॉलिश लवकर वाळतं आणि झळकतं, म्हणून तेच दस्त्यालाही मारलं जाई. पण पाणी लागलं की त्यावर पांढरे डाग उठतात. मोडलेला दस्ता बदलायचा तर इथलं लाकूडही वेगळं. शिसव सुंदर खरी, पण जड. सागवान मुळातच तेलकट, त्यामुळे वरून लावलेलं जवसाचं तेल त्यात नीट मुरत नाही.

अशा दस्त्याचं जुनं रूप परत आणणारा जाणकार सुरुवात बघण्यापासून करतो. वरचा थर लाखेचा आहे का, हे न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवला की कळतं. लाख विरघळते, वाळलेलं तेल सहजी विरघळत नाही. लाख असेल तर ती स्पिरिटनेच हळूहळू पुसून निघते, काचकागदाची गरज पडत नाही. लोखंडाजवळचं लाकूड काळं आणि मऊ पडलं असेल, तर ती वर्षानुवर्षं झिरपलेल्या यंत्रतेलाची करणी असते. त्यावर खडूची पूड आणि द्रावक ह्यांचा लेप देतात. द्रावक उडताना तेल वर येतं आणि पूड ते शोषून घेते. लेप काही वेळा पुन्हा द्यावा लागतो. दबून खड्डा पडलेली जागा ओल्या फडक्यावर गरम इस्त्री टेकवून उठवता येते, कारण दबलेले तंतू वाफेने पुन्हा फुगतात. तंतू तुटलेच असतील, तर मात्र वाफेचा उपयोग होत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान करतो तो काचकागद. मूळ कारागिराने लाकूड लोखंडाच्या कडेला केसभर उंच ठेवलेलं असतं. जोर लावून घासलं की ते लोखंडाच्या खाली जातं, कोरीव जाळी बोथट होते, आणि हे नुकसान भरून येत नाही. वरून पॉलियुरेथेनचा जाड थर दिला तर झळाळी मिळते, पण एका जागी चरा गेला तर तेवढीच जागा दुरुस्त करणं अवघड होतं. तेलाच्या दस्त्यावर मात्र दोन थेंब चोळले की काम भागतं. म्हणून स्वच्छता, वाफ, तेलाचे पातळ थर आणि शेवटी मेणाचा हात, एवढ्यावरच थांबणं शहाणपणाचं. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि अशा बोळ्याने आपोआप पेट घेतल्याची उदाहरणं आहेत. त्या पसरून वाळवाव्यात.

हा संयम महत्त्वाचा, कारण आता अशा बंदुकांचं मोल शिकारीत नाही, त्यांच्यावरच्या खुणांत आहे. ह्याच किनाऱ्यावर त्यांचा काळ बदलला. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पहिल्या पिढ्यांत शिकारी आणि अभ्यासक बहुधा एकच असत. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची ओळख विचारायला सालिम अली ह्याच सोसायटीत गेले होते. १९३० मध्ये ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि सुगरणीच्या घरट्यांचं दिवसेंदिवस निरीक्षण करून त्यांनी तिच्या नरांची बहुपत्नीकत्वाची रीत उलगडली. पुढे मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा आला, १९७२ च्या केंद्रीय कायद्याने बंधनं कडक केली, आणि १९९१ च्या दुरुस्तीने शौकाच्या शिकारीचा रस्ता बंद झाला. नबाबांचं फणसाड १९८६ मध्ये अभयारण्य झालं. आज तिथे शेकरू बघायला लोक जातात.

बंदूक मात्र त्या मोजक्या घरांत उरली. दस्त्याच्या गालाजवळ घामाने काळवंडलेली जागा, पट्ट्याच्या कडीने पडलेला चरा, राखणीच्या रात्रींतल्या ठोकरा, हे सगळं लाकडावरच नोंदलेलं आहे. कोणी बंदूक घडवली हे लोखंडावरच्या अक्षरांतून कळतं. ती इथे कशी वापरली गेली, हे फक्त दस्ता सांगतो. सरसकट घासून नवा करकरीत केलेला दस्ता ह्यातलं काहीच सांगू शकत नाही.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्यालाही परवाना लागतो, आणि शस्त्रावरचे क्रमांक किंवा ओळखखुणा पुसणं हा गुन्हा आहे. त्यामुळे लोखंडाला हात लावायचं काम परवानाधारक बंदूकसाजाकडेच द्यावं. निवडणुका आल्या की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि त्या काही आठवडे मालखान्यात राहतात. जमा करण्याआधी दस्ता कोरड्या फडक्याने पुसून मेणाचा पातळ हात द्यावा. परत आल्यावर बंदूक कापडी गवसणीत गुंडाळून ठेवू नये, कापड ओल धरतं. नळी खाली करून, हवेशीर कुलूपबंद कपाटात ठेवली, तर यंत्रातलं तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही.