पिकते ती अफू, मिळत नाही ते मॉर्फिन

माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता आणि त्यांच्या देणगीचा हातभार लागून १८४५ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालय सुरू झाले. अफू आणि इस्पितळ यांचे हे नाते धुंडाळत मी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आलो, तेव्हा एक विलक्षण विसंगती समोर आली. मंदसौर, नीमच, चित्तोडगडच्या शेतांत सरकारी परवान्याने बोंडांना चिरा पाडतात. चीक गाझीपूर आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत जातो आणि परदेशी औषधनिर्मात्यांनाही विकला जातो. त्याच चिकातून निघणारे मॉर्फिन मात्र आपल्याकडच्या कर्करोगाच्या रुग्णाला दुर्मिळ झाले होते.

याची सुरुवात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यापासून होते. हेतू तस्करी रोखण्याचा होता; औषधी वापरावर बंदी नव्हती. पण बहुतेक गुन्ह्यांना किमान १० वर्षे सक्तमजुरी ठेवली गेली आणि औषधी मॉर्फिनचे नियम राज्यांवर सोपवले गेले. अनेक राज्यांत त्यासाठी चार-पाच परवाने लागत, तेही एकाच वेळी चालू असलेले. शेवटचा हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. १९८५ मध्ये देशात ५०० किलोंहून अधिक मॉर्फिन वापरले गेले होते. १९९७ मध्ये ते सुमारे १८ किलोंवर आले.

काळ कसा जुळून आला पाहा. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने उपचार सांगितले. तीव्र वेदनेसाठी तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हा त्यांचा कणा. त्याच वर्षी वांद्र्याला डॉ. लुईस डिसूझा यांनी ‘शांती आवेदना सदन’ ही देशातली पहिली शुश्रूषालय-संस्था उभी केली. वेदना कशी शमवावी हे कळू लागले आणि त्याच सुमारास औषध आटू लागले.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. हे अहवाल, नियमावल्या वाचताना मी एकच प्रश्न हाती धरला : यात कोण कशाला भीत होते? अबकारी अधिकाऱ्याला भीती, साठा बाहेर गेला तर जबाब आपल्याला द्यावा लागेल. औषध दुकानदाराला भीती, चार गोळ्यांचा हिशेब चुकला तर तुरुंग. डॉक्टरला व्यसनाची भीती. कारण मॉर्फिनची चिठ्ठी एकदाही न लिहिता डॉक्टरांची एक अख्खी पिढी पदवी घेऊन बाहेर पडली होती. घरच्यांना वाटे, मॉर्फिन सुरू झाले म्हणजे आशा संपली. आजाराचे नावसुद्धा रुग्णापासून लपवले जाई. प्रत्येकाची भीती त्याच्या जागी समजण्यासारखी होती. पण या साऱ्यांच्या मधे जो कण्हत पडला होता, त्याच्या दुखण्याची नोंद कुठल्याच नोंदवहीत होत नव्हती.

ही कोंडी आधी केरळात फुटली. १९९३ मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी काम सुरू केले. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजारीपाजारी, शिक्षक, विद्यार्थी स्वयंसेवक झाले. रुग्णाच्या घरी जाणे, पैसे उभे करणे ही त्यांची कामे. दुखणे चार भिंतींआडून गावाच्या डोळ्यांसमोर आले, तशी भीती ओसरत गेली. २००८ मध्ये केरळ सरकारने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले आणि ग्रामपंचायतींना त्यात वाटा दिला. तिथे धोरण आले ते लोक कामाला लागल्यानंतर.

उर्वरित देशात क्रम उलटा राहिला. केंद्राने १९९८ मध्ये राज्यांना सोपे नमुना नियम पाठवले. मोजक्या राज्यांनी ते स्वीकारले. २०१२ मध्ये राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम आखला गेला. २०१४ मध्ये कायदाच दुरुस्त झाला. मॉर्फिनसह काही औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली, नियम देशभर एकसारखे झाले आणि अनेक परवान्यांच्या जागी राज्य औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. तरीही २०१७ च्या लॅन्सेट आयोगाच्या अंदाजानुसार भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के वेदनाशामक अफूजन्य औषधे पोहोचत होती.

कायदा एका मतदानाने बदलतो. त्याने तीस वर्षांत लावलेली सवय तशी बदलत नाही. पूर्वी कायद्याकडे बोट दाखवता येत होते, ती सोय आता उरलेली नाही. म्हणून आपल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन एक साधा प्रश्न विचारायला हवा : तोंडाने घ्यायचे मॉर्फिन इथे मिळते का, आणि ते लिहून देणारे कोण आहे? उत्तर ‘नाही’ असेल, तर का नाही, हे लेखी मागावे. रुग्णाच्या दुखण्याची निदान तेवढी तरी नोंद होईल.