रात्री दहाची भैरवी

गेल्या हिवाळ्यात दादरच्या एका छोट्या सभागृहात गाणं ऐकत होते. नऊ चाळीस झाले होते. गायिकेने बागेश्री संपवला, दोन घोट पाणी प्यायली आणि पुढे काय गावं याबद्दल तबलजींशी काहीतरी कुजबुजली. तेवढ्यात संयोजकांपैकी एक काका वाकत वाकत रंगमंचापाशी गेले आणि त्यांनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. तिने ती वाचली, हसली आणि भैरवी सुरू केली. सहा-सात मिनिटांची भैरवी. तोवर मागच्या दोन रांगा उठून दाराशी चपला शोधत होत्या. त्यात मीही होते. मला डोंबिवलीला जायचं होतं.

लोकलमध्ये खिडकी मिळाल्यावर लक्षात आलं की भैरवी हा सकाळचा राग आहे. मग तो रात्री दहाला का गातात? ‘कार्यक्रमाचा शेवट भैरवीने करायचा’ हे आपण इतकं गृहीत धरलंय की हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. नेहमी दिलं जाणारं उत्तर सोपं आहे. मैफली रात्रभर चालायच्या आणि संपायच्या तेव्हा उजाडलेलं असायचं. म्हणून शेवट सकाळच्या रागाने. मैफल आठ तासांवरून तीन तासांवर आली, पण तिचं शेपूट तसंच राहिलं. आमच्या ऑफिसात जुन्या कोडमध्ये अशा ओळी सापडतात. त्या कशासाठी लिहिल्या हे कुणाला आठवत नाही, आणि काढायची हिंमतही होत नाही.

मग मी उलटा विचार करायला लागले. मैफली रात्रभर का चालायच्या, आणि आता का चालत नाहीत? माझ्या मते या दोन्हींचं बरंचसं उत्तर गाण्यात नसून घरी जायच्या रस्त्यात आहे.

चालत घरी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतलं मराठी माणसाचं गाणं म्हणजे मुख्यतः गिरगाव. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला १९०१ मध्ये सुरू केलेलं गांधर्व महाविद्यालय १९०८ मध्ये मुंबईत आणलं. प्रो. बी. आर. देवधरांची संगीतशाळा १९२५ पासून ऑपेरा हाउसजवळ होती. छोटा कुमार गंधर्व तिथेच शिकायला आला. अल्लादियाखाँ कोल्हापूर सोडून मुंबईत राहायला आले होते. लक्ष्मीबाग, ट्रिनिटी क्लब, ब्राह्मण सभा ही बैठकींची ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. आजच्या हिशेबाने ही छोटी सभागृहं. गाणारा आणि ऐकणारा यांच्यात फार अंतर नाही, आणि लाउडस्पीकरची फारशी गरजही नाही.

महत्त्वाचं म्हणजे ऐकणारेही तिथेच राहायचे. मुगभाट, फणसवाडी, खोताची वाडी, ठाकूरद्वार. बैठक दोनला संपो की पाचला, चाळीचा जिना पाच-दहा मिनिटांवर. ट्राम होती. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली आणि विजेची १९०७ मध्ये. पण वाडीतल्या माणसाला गाण्याहून परत यायला तीही लागत नव्हती.

गणपतीत तर सभागृहाचीही गरज नसे. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत सुरू झाला, आणि पुढे वाड्यावाड्यांच्या अंगणात मोठमोठ्या गवयांची गाणी होऊ लागली. माझी आजी अशाच एका चाळीत वाढली. ती सांगायची की तिने लहानपणी अख्ख्या रात्री गाणं ऐकलंय, पण कधीही सतरंजीवर बसून नाही. खाली पुरुष बसायचे, पोरीबाळी वर गॅलरीच्या कठड्याला टेकून. झोप आली की आत जाऊन पडायचं. ‘आम्हाला घरी जायची काळजीच नव्हती, आम्ही घरीच होतो,’ असं ती हसून म्हणायची. त्या हसण्यात एक तक्रारही होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

तिकिटावरची वेळ

रात्रभराचं कौतुक ऐकताना एक गोष्ट निसटते. ती रात्र सगळ्यांची नव्हती. यजमानाच्या दिवाणखान्यातल्या बैठकीला सुरुवात आणि शेवट नसे. खाँसाहेबांची तब्येत लागेल तेव्हा गाणं सुरू होणार आणि यजमान उठेपर्यंत चालणार. ज्याला दुसऱ्या दिवशी आठला कामावर जायचंय त्याच्यासाठी हे गैरसोयीचं होतं, आणि ‘घरंदाज’ म्हणवणाऱ्या बाईसाठी जवळजवळ अशक्य. संगीत नाटकांचंही तसंच. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून, म्हणजे १८८० पासून, पदांवर वन्समोर घेत नाटक मध्यरात्रीच्या पार पुढे जाणं नेहमीचं होतं.

इथे हिराबाई बडोदेकर महत्त्वाच्या ठरतात. १९२०च्या दशकात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. बाईने असं मंचावर बसून, कुणा एका यजमानासाठी नाही तर तिकीट काढून आलेल्या कुणाहीसाठी गाणं, हे तेव्हा नवीन होतं. त्यांच्या साधेपणाबद्दल, पदर आवरून बसण्याबद्दल खूप लिहिलं गेलंय. मला मात्र तिकीट हा कागदाचा तुकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. तिकिटावर वेळ छापलेली असते. सुरुवात ठरली की शेवटाचा अंदाज येतो, आणि शेवटाचा अंदाज आला की घरी सांगून बाहेर पडता येतं. ‘साडेनऊपर्यंत येते’ हे वाक्य बैठकीला जाताना म्हणता येत नव्हतं, जलशाला जाताना म्हणता येऊ लागलं.

रेडिओने तर परतीचा रस्ताच काढून टाकला. १९५२ पासून आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम शनिवारी रात्री लागायचा. मोठा गवई, रात्रीचा राग, आणि ऐकणारी बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात. आजीच्या गॅलरीचीच ही पुढची आवृत्ती म्हणायची.

शेवटची गाडी

दरम्यान शहर उत्तरेकडे सरकत होतं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली. १९२८ मध्ये पश्चिमेला बोरिवलीपर्यंत वीज आली. दादर, शिवाजी पार्क, पार्ले वसले, आणि नंतरच्या दशकांत मुलुंड, ठाणे, डोंबिवली. गिरगावातल्या एका खोलीत मावेनासे झालेले लोक लोकलच्या रुळांवरून पुढे पुढे गेले. माझी आईही लग्नानंतर तशीच डोंबिवलीला आली.

३१ मार्च १९६४ ला रात्री दहाच्या सुमारास बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. तोवर श्रोता आणि सभागृह यांच्यातलं अंतर मैलांत गेलं होतं. आता मैफल किती वाजता संपणार हे गवई किंवा यजमान ठरवत नव्हता, रेल्वेचं वेळापत्रक ठरवत होतं.

या वेळापत्रकात एक भोक आहे. मुंबईची लोकल मध्यरात्रीनंतर, साधारण एकच्या आसपास थांबते आणि पहाटे चारनंतर पुन्हा सुरू होते. मधल्या वेळात रूळ आणि ओव्हरहेड वायर यांची दुरुस्ती चालते. म्हणजे कार्यक्रमाला दोनच पर्याय उरतात. शेवटच्या गाडीआधी संपा, नाहीतर पहिल्या गाडीपर्यंत चालू राहा. रात्री दोनला संपणारा कार्यक्रम सगळ्यात वाईट. त्याच्या श्रोत्याला प्लॅटफॉर्मवर बसून राहावं लागतं. कित्येक वर्षं शहरातल्या मोठ्या मैफलींनी दुसरा पर्याय घेतला. रात्रभर गाणं, पहाटे भैरवी, मग पहिली लोकल. रसिकता होतीच, पण ती रेल्वेच्या वेळेत नीट बसतही होती.

पुण्यात लोकलची अडचण नव्हती, तिथे सायकल होती. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले, आणि पुढच्या वर्षीपासून भीमसेन जोशी आणि आर्य संगीत प्रसारक मंडळाने त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू केला. पुढे रमणबागेच्या मैदानावर डिसेंबरच्या थंडीत तो रात्र-रात्र चालायचा. माझा मामा शाल, थर्मास आणि खारे दाणे घेऊन जायचा. पहाटे भीमसेनजी गायला बसेपर्यंत मांडवातच एक डुलकी काढायची, शेजाऱ्याला ‘उठवा हं’ म्हणून ठेवायचं, आणि उजाडल्यावर सायकलवरून थेट ऑफिस.

दहाचा नियम

मग ते बंद झालं. का, असं विचारलं की बहुतेक जण एका शब्दात सांगतात : कोर्ट. ते अर्धवट खरं आहे.

ध्वनिप्रदूषणाचे नियम केंद्र सरकारने फेब्रुवारी २००० मध्ये केले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. निवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर निकाल देऊन ही बंदी पक्की केली. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सणासमारंभांसाठी, राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. गणपती-नवरात्रात आपण जी ‘बारापर्यंत परवानगी’ ऐकतो ती हीच.

गाण्याच्या वर्तुळात या नियमाबद्दल हळहळ ऐकू येते. मीही करायचे. मग मी तो निकाल वाचला. सुरुवातीलाच त्या याचिकेमागचं तात्कालिक कारण दिलंय. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. तिने मदतीसाठी मारलेल्या हाका शेजारी लाउडस्पीकरवर चाललेल्या गाण्यांत कुणाला ऐकू आल्या नाहीत. तिने त्याच दिवशी जाळून घेतलं आणि ती गेली. हे वाचल्यावर मालकंसासाठी हळहळणं माझ्या तोंडून सहज निघेना. रात्रीच्या आवाजाखाली काय दबून जातं हा प्रश्न काल्पनिक नव्हता.

नियमाची किंमत मात्र सगळ्यांनी सारखी मोजली नाही. जत्रेतला तमाशा रात्री जेवणं उरकल्यावर उभा राहतो. गण, गौळण, बतावणी होऊन वग रंगात यायचा तेव्हा घड्याळाचा काटा दहाच्या पुढे गेलेला असतो. तमाशाच्या फडांवर शेकडो माणसांची पोटं चालतात, आणि त्यांना बंद सभागृहाची सोय नाही. शास्त्रीय संगीताला ती आहे.

कारण नियमातच अपवाद आहे : बंदिस्त जागेत, आतल्यापुरता आवाज चालतो. सभागृहाचा उल्लेख तिथे स्पष्ट आहे. म्हणजे दादरच्या त्या छोट्या सभागृहाला दहाला भैरवी उरकायची कायद्याने सक्ती नव्हती. कोलकात्यात १९५२ पासून चालत आलेली डोव्हर लेन परिषद नियम आल्यानंतरही रात्रभर भरत राहिली. मग आपण दहाला का उठतो? कारण सभागृहाच्या वॉचमनला कर्जत गाठायचंय, तबलजींना वसई आणि मला डोंबिवली. मैदानं कायद्याने दहाला बंद केली, पण छोटी सभागृहं शेवटच्या गाडीने आधीच केली होती.

प्रहर गेले कुठे

भातखंड्यांनी रागांची व्यवस्था लावताना वेळेलाही जागा दिली. दिवसरात्रीचे आठ प्रहर आणि त्यांचे राग. आज साडेसहा ते दहाच्या कार्यक्रमात पूरिया, मारवा, यमन, बागेश्री, बिहाग एवढे वेळेवर बसतात. मध्यरात्रीनंतरचा मालकंस नऊला गावा लागतो. पहाटेचा ललित मी आजवर फक्त हेडफोनवर ऐकलाय, तोही दुपारी. सकाळचे राग दिवाळी पहाट आणि रविवार सकाळच्या कार्यक्रमांनी वाचवले, कारण सहानंतर लाउडस्पीकर चालतो आणि तोवर लोकलही सुरू झालेली असते. मधले दोन-तीन तास मात्र कुणाच्याच वेळापत्रकात नाहीत.

हे बदलणं अशक्य नाही. अनंत चतुर्दशीला आणि ३१ डिसेंबरला रेल्वे मध्यरात्रीनंतर जादा लोकल सोडते. म्हणजे ठरवलं तर गाडी असते. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने मुंबईत काही भागांत मॉल आणि हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला मान्यता दिली. तेव्हा ‘नाइटलाइफ’वर भरपूर चर्चा झाली, पण त्या हॉटेलातली भांडी घासणारी मावशी रात्री दोनला घरी कशी जाणार यावर फारच कमी.

त्या रात्री दादरहून पकडलेली गाडी डोंबिवलीला पोचली तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. लेडीज डब्यात आम्ही चौघी आणि एक पोलीस. स्टेशनबाहेर पहिल्या तीन रिक्षांनी नकार दिला, चौथ्याने दुप्पट मागितले. आई जागी होती. ‘कसं झालं गाणं?’ तिने विचारलं. मी म्हटलं, छान, पण शेवट ऐकला नाही. ती म्हणाली, तुझी आजीही हेच म्हणायची.

पुढच्या रविवारी त्याच सभागृहात सकाळी सातला गाणं आहे. पाचची लोकल पकडीन. भैरवी असेल तर शेवटपर्यंत बसायचं ठरवलंय. परतीच्या गाड्या दिवसभर आहेत.