स्वयंसेविका नावाची नोकरी

जून 2020 मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं. तो व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. टाळेबंदीत घरी बसलेल्या देशाला उल्केच्या आघातानं झालेलं आमचं विवर एकदम आठवलं. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत गेले. पाणी आटून खारेपणा वाढला, त्यात मीठ मानवणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्यामुळे हा रंग आला, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं.

त्याच दिवसांत माझी मामी लोणार तालुक्यातल्या एका खेड्यात घरोघर फिरत होती. पुण्या-मुंबईहून कोण आलं, कुणाला ताप आहे, कुणाला खोकला आहे, सगळं वहीत लिहीत होती. मामी 'आशा' आहे. आशा म्हणजे 'मान्यताप्राप्त सामाजिक आरोग्य कार्यकर्ती'. नावात मान्यता आहे आणि कार्यकर्तीही आहे. सरकारी व्याख्येत मात्र ती स्वयंसेविका आहे. तिला मिळतं ते वेतन नसतं, मानधन असतं. मामीला याबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मानधन म्हंजे मान बी थोडा अन् धन बी थोडं."

हा शब्द आरोग्याच्या कामात आला कुठून, हे शोधायला मी बसलो आणि गोष्ट बरीच मागे गेली.

आधी मामी काय करते ते पाहू

गावात बाळ जन्मलं की मामीच्या फेऱ्या सुरू होतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ती बाळाला झोळीत घालून काट्यावर वजन करते, ताप मोजते, बेंबी बघते. मग घड्याळ समोर धरून बाळाचे श्वास मोजते, पूर्ण एक मिनिट. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजते, आणि तेवढेच आले तर गाडी बघायला सांगते. या सगळ्या फेऱ्यांचे मिळून ठरलेले पैसे 250 रुपये.

या फेऱ्यांचा उगम महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली. फारसं शिक्षण नसलेल्या या आरोग्यदूत स्त्रिया जंतुसंसर्ग ओळखायच्या आणि प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायच्या. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा इथले नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. घरी जाऊन बाळ तपासण्याची ही पद्धत 2011 मध्ये केंद्र सरकारने देशभरातल्या आशांकडे दिली.

म्हणजे मामी करते ते काम वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर उतरलेलं आहे. त्याला प्रशिक्षण लागतं आणि चूक झाली तर जीव जातो. एवढ्या अटी पूर्ण करणाऱ्या कामाला आपण एरवी व्यवसाय म्हणतो.

रजिस्टरमध्ये नाव कुणाचं?

वैद्यकात व्यवसायाची मान्यता म्हणजे एका वहीत नाव असणं. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा 1912 मध्ये झाला. देशपातळीवर वैद्यकीय परिषदेचा कायदा आला 1933 मध्ये. परिचारिकांना मात्र भारतीय परिचर्या परिषदेच्या कायद्यासाठी 1947 च्या डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं.

हा उशीर आपल्याकडचाच नव्हता. इंग्लंडमध्ये एथेल बेडफर्ड फेनविक या परिचारिकेने 1887 मध्ये संघटना काढून मागणी केली की प्रशिक्षित परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी. विरोधात कोण उभं राहिलं? फ्लॉरेन्स नाइटिंगेल. त्यांचं म्हणणं असं की शुश्रूषेला लागणारी निष्ठा आणि चारित्र्य परीक्षेत मोजता येत नाही. वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी 1919 मध्ये कायदा झाला आणि रजिस्टर उघडलं तेव्हा त्यात पहिलं नाव फेनविक यांचं लागलं.

मला हा वाद फार ओळखीचा वाटतो. बाईचं काम सेवा आहे, सेवेला मोल लावलं की ती बाटते, हे आपण आजही ऐकतो. डॉक्टरच्या फीबद्दल असं कुणी म्हणत नाही.

जामखेड ते दिल्ली

आता महाराष्ट्रात परत येऊ. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला गेले. गावात राहायला डॉक्टर तयार नव्हता, नर्सही टिकत नव्हती. मग त्यांनी गावालाच आपल्यातली एक बाई निवडायला सांगितलं. यातल्या अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक जणी दलित होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात जाऊन ते वापरायच्या. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. 1978 मध्ये अल्मा-आटाच्या परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली, आणि 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इथे थांबून एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जामखेडच्या कार्यकर्त्या सरकारी पगारावर नव्हत्या, आणि हे मुद्दाम होतं. पगार साहेबाकडून आला की कार्यकर्ती साहेबाला जबाबदार होते. ती गावाला जबाबदार राहावी, हा त्यामागचा विचार. तो विचार मला खोटा वाटत नाही. पण तिथे त्या बाईच्या पाठीशी आठवड्याचं प्रशिक्षण होतं, अडलेला रुग्ण नेला तर दार उघडणारं रुग्णालय होतं, स्वतःचा छोटा उद्योग उभा करायला मदत होती, आणि तिचं म्हणणं ऐकणारे डॉक्टर होते. सरकारने हे मॉडेल उचललं तेव्हा त्यातला स्वस्त भाग तेवढा आधी उचलला.

2 ऑक्टोबर 1977 ला केंद्राची गाव आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू झाली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, त्या काळात महिना 200 रुपये, नंतर महिना 50 रुपये मानधन. निवडले गेले ते बहुतेक पुरुष. गंमत नावांची आहे. काही वर्षांतच 'कार्यकर्ता' जाऊन 'स्वयंसेवक' आलं आणि मग 'मार्गदर्शक'. कार्यकर्ता म्हटलं की कामगाराचा हक्क मागायला जागा राहते. स्वयंसेवकाने काय मागायचं? योजना पुढे रखडत गेली आणि विरली.

12 एप्रिल 2005 ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि आशा आली. साधारण हजार वस्तीला एक, वय 25 ते 45, गावातच राहणारी विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. शिकवणी मात्र खरी होती: सुरुवातीलाच 23 दिवसांचं प्रशिक्षण आणि पुढे नवीन विषय येत गेले तसतसं आणखी. कामं वाढत गेली, शब्द तोच राहिला.

मागणी

2013 मध्ये भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली की योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्या. त्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना तिघंही बसतात. शिफारस कागदावर राहिली.

करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, 15 जून 2021 ला, महाराष्ट्रातल्या सुमारे 70 हजार आशा संपावर गेल्या. आठवडाभराने संप मिटला तेव्हा हातात आले महिना 1,000 रुपये वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांना जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्कार दिला. मामीच्या फोनवर अभिनंदनाचे मेसेज आले. ऑक्टोबर 2023 मध्ये राज्यात पुन्हा संप झाला, 7,000 रुपये वाढीची घोषणा झाली, शासन निर्णय निघेना म्हणून जानेवारीत पुन्हा संप, आणि मार्च 2024 मध्ये वाढ मंजूर झाली ती 5,000 ची.

रकमा हळूहळू वाढतात, हे खरं. पण रक्कम आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका रात्री मामी अडलेल्या बाळंतिणीला घेऊन एका रुग्णालयात गेली. रक्तदाब किती होता, कळा कधीपासून आहेत, झटका आला होता का, हे सगळं तिच्या वहीत होतं. तिला सांगितलं गेलं, "नातेवाइकांनी बाहेर थांबा." तासाभराने तेच प्रश्न आतून नवऱ्याला विचारले गेले, ज्याला काहीच माहीत नव्हतं. मामी नातेवाईक नव्हती. पण ती कोण होती, हे त्या दारावर सांगायला तिच्याकडे शब्द नव्हता.

म्हणून मला हा प्रश्न फक्त आशांच्या पोटाचा वाटत नाही. नोंदणी असली की तिची वही रुग्णाच्या कागदांत धरली जाते, शिकलेल्याचं प्रमाणपत्र पुढच्या शिक्षणाला उपयोगी पडतं, आजारपणात रजा मिळते आणि म्हातारपणी काही हाती राहतं. यातलं एक पाऊल न्यायालयाने टाकून दाखवलं आहे. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आणि त्या कायद्यापुरतं त्यांचं मानधन हे वेतनच आहे, असं मानलं. अंगणवाडी सेविकाही सरकारी भाषेत मानधनावरच होत्या. शब्दाचा अर्थ बदलता येतो, एवढं त्या निकालाने दाखवलं.

फेनविक यांनी 1887 मध्ये मागणी केली, कायदा 1919 मध्ये झाला. बत्तीस वर्षं. आशांचा हिशोब 2005 पासून धरला तर वीस वर्षं होऊन गेली आहेत. पहिल्या वर्षी नेमलेल्या चाळिशीच्या आशा आता साठीला टेकल्या आहेत, आणि त्यातल्या अनेक जणी नावापुढे 'निवृत्त' हा शब्दही न लागता घरी बसतील.